नंदाकडचा रविवार

शनिवार, दहा जानेवारी. दुपारचे साडेचार. ताराबाई पार्क, वैजयंतीच्या घराची गच्ची.

हजर : वैजयंती, शैला, मी.

गैरहजर : नंदा.

सवयीनं लिहून गेले आणि मग थांबले. जिला बोलावलंच नव्हतं, तिला गैरहजर कसं म्हणायचं? शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं मी हजेऱ्या, सभांची इतिवृत्तं, परीक्षेच्या बैठकव्यवस्था लिहीत आले आहे. चार माणसं बसली की आधी नावं, मग विषय, मग बोलणं. वैजयंती त्यावरून मला छळते. "कल्पे, चहा प्यायला बसलोय आपण. सभा न्हाय भरवली. ती वही ठेव बघू पर्शीत."

पण विषय होता, आणि तो तिनंच काढला होता. मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली, घरं रिकामी. तेव्हा होस्टेलात करायचो तशा घरभेटी पुन्हा करू या. एकेका रविवारी एकेकीकडे जेवण. फेब्रुवारी संपायच्या आत. "तू यादी कर," ती म्हणाली. मी मान डोलावली. 

कोल्हापुरात जानेवारी आधी नाकाला आणि कानाला कळतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं निघतात. वळणावर एखादा ऊस निसटून पडतो आणि मागचा मोटारसायकलवाला तो उचलायला थांबतो. गावाबाहेर पडलं की गुऱ्हाळावरचा गरम गोड वास अंगावर येतो. मंडईत हरभऱ्याचे डहाळे, पावटा, वाटाणा, गाजरं, म्हणजे भोगीच्या भाजीची सगळी जमवाजमव. ऊन कोवळं, पाणी गार, माणसं खुशीत. सगळ्यांच्या आवडीचे दिवस. मला मात्र या महिन्यात कॅलेंडरकडे नीट बघवत नाही. रविवार लाल रंगात छापलेले असतात, आणि मी पहिला, दुसरा, तिसरा असे मोजत तिसऱ्यापाशी येऊन थांबते.

सत्तावीस वर्षांपूर्वी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आम्ही चौघी होस्टेलच्या वरच्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत होतो. खाटा सारख्या, टेबलं सारखी, मेसची आमटी सगळ्यांना सारखीच पातळ. होस्टेलात असं वाटतं की इथं सगळ्या एक. पण गरम पाण्याची रांग पाहिली की ते खरं नाही हे कळायचं. त्या रांगेत मुली उभ्या नसत, बादल्या असत. पहाटे बादली ठेवून यायची आणि पुन्हा पांघरुणात शिरायचं. वैजयंतीची बादली पितळी, घरच्या जीपमधून आलेली. शैलाची स्टीलची, कडेला बापाचं नाव कोरलेली. माझी निळी प्लॅस्टिकची, नवी. नंदाची म्हणजे ऑइलपेंटचा रिकामा डबा, त्याला तारेची कडी. कुठली बादली कुणाची हे सबंध होस्टेलला पाठ होतं. आणि का कोण जाणे, तो डबा रांगेत हळूहळू मागे सरकायचा. पितळी बादलीला कुणी हात लावत नसे.

नंदा खाली जायची, डबा उचलायची आणि होता त्या जागी ठेवायची. एकदा एका मुलीनं हटकलं तर म्हणाली, "डबा माझा हाय, तर नंबर बी माझाच हाय. हो बाजूला." हे मी पाहिलं होतं. हे पाहूनही पुढं जे केलं ते केलं, म्हणून मुद्दाम लिहिते.

ती इचलकरंजीची. घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून, वडील तिथंच मागावर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सोमवारी नंदा परत आली की तिच्या वेणीत कापसाची पिंज असायची. शैला ती बोटांनी वेचून काढत म्हणायची, "नंदे, निम्मा कारखाना घेऊन आलीस की गं."

"असू दे. जाताना परत लागंल," नंदा म्हणायची.

गणितात ती आमच्या वर्गात पहिली होती. माझी जर्नलं तिच्या जर्नलांवरून पुरी व्हायची. शैला गडहिंग्लजकडची, घरचं किराणा-भुसाराचं दुकान, आईला अव्वा म्हणायची. वैजयंतीचं शिरोळ तालुक्यात मोठं बागायत. आणि मी हातकणंगल्याची, तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. मधली. मधल्या माणसाला वर बघायचं असतं आणि खालून कुणी आपल्याला धरेल की काय, याचीही धास्ती असते. हे मला तेव्हा असं शब्दांत येत नव्हतं. 

घरभेटी दुसऱ्या सत्रात, संक्रांतीच्या आगेमागे सुरू व्हायच्या. कुणी सुरू केल्या माहीत नाही. नियम एवढाच की खोलीतल्या प्रत्येकीच्या घरी सगळ्यांनी जायचं. कुणाचं घर वगळायचं नाही. खोलीनं रेक्टरबाईंना एक अर्ज द्यायचा, त्यावर रविवार आणि गावं, खाली सगळ्यांच्या सह्या. आमच्या खोलीचा अर्ज अर्थातच मी लिहिला. पहिला रविवार वैजयंती, दुसरा शैला, तिसरा नंदा, चौथा मी. समास आखून, सुवाच्य अक्षरात.

पहिल्या रविवारी वैजयंतीच्या घरची जीप आली. घरापुढं फरशीचं अंगण, दोन ट्रॅक्टर, गोठ्यात बारा म्हशी. जेवायला बसलो आणि तिची आई, आमच्या काकी, एकेकीची चौकशी करायला लागल्या. चौकशी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं माया होती. शैलाला दुकान विचारलं, मला वडिलांचं ऑफिस विचारलं. मग नंदाकडे वळल्या.

"तुमची शेती किती गं बाळ?"

"शेती न्हाय काकी. बाबा मागावर हाईत."

"सोताचे माग?"

"न्हाय. मालकाचे. आई कांड्या भरती."

काकींनी नंदाच्या पोळीवर तुपाची आणखी एक वाटी ओतली. मी खाली मान घालून आमटी भुरकत राहिले. नंदा आरामात जेवत होती. निघताना काकींनी प्रत्येकीला कुंकू लावून हातात ड्रेसपीस ठेवला. नंदाच्या हातात दोन ठेवले.

"काकी, एकच द्या," नंदा म्हणाली. "सगळ्यास्नी एक एक हाय."

"असू दे गं. राहू दे. लागतंय."

"न्हाय काकी. एकच." आणि तिनं वरचा पीस उचलून काकींच्या हातात परत ठेवला. नीट, घडी न मोडता.

परतताना जीपमध्ये मी सबंध वाटभर मनात म्हणत होते, बिचारीला किती अवघड झालं. दुसऱ्या रविवारी शैलाकडे गेलो, अव्वांनी कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी वाढली, तिथं कुणी कुणाला काही विचारलं नाही. तरी माझ्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. नंदाच्या घरी गेल्यावर काय होईल? वैजयंती कुठं बसेल? किती खोल्या असतील? मागांचा तो आवाज. मी जणू त्या घराची मालकीण असल्यासारखी त्याची लाज आधीच वाटून घेत होते.

मग बुधवारी फळ्यावर सूचना लागली. प्रात्यक्षिक परीक्षा अलीकडे आल्या आहेत, सबब चौथ्या रविवारी कुणालाही परवानगी मिळणार नाही. चार घरं होती, रविवार एकूण तीनच झाले. चौथा रविवार माझा होता. म्हणजे गळायला हवं होतं माझं घर.

इथं मला सरळ सांगितलं पाहिजे. त्या दिवाळीत आमच्या नव्या घराचा स्लॅब होऊन आम्ही राहायला गेलो होतो, आणि बाबांनी सोफासेट घेतला होता. त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर आईनं काढलेलं नव्हतं. "तुझ्या मैत्रिणी येतील तेव्हा काढू," म्हणाली होती. वैजयंती त्या सोफ्यावर बसलेली मला बघायची होती. एवढंच. परिस्थिती, माणुसकी, नंदाच्या आईचा त्रास, हे सगळे शब्द मी नंतर गोळा केले.

गुरुवारी रेक्टरबाईंकडे जाऊन मी अर्ज मागितला. "थोडी दुरुस्ती करायची आहे बाई." तिसऱ्या रविवारसमोरचं इचलकरंजी खोडलं आणि वर हातकणंगले लिहिलं. एका ओळीचं काम.

"नंदाकडचं का रद्द?" बाईंनी विचारलं.

"तिच्या घरी अडचण आहे."

हेच वाक्य मी वैजयंतीला सांगितलं, हेच शैलाला. नंदाला सगळ्यात शेवटी. ती टेबलाशी आलेख काढत बसली होती.

"नंदे, तुझं या वेळी राहू दे का? परीक्षेनंतर जाऊ की. आईला उगीच त्रास कशाला."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "अर्ज बदललास?"

"हो."

"बाईंची सही झाली?"

"झाली."

"मग आता काय विचारतीयास?"

आणि ती परत आलेखाकडे वळली. मी त्याला होकार समजले. निदान तसं स्वतःला बजावलं.

ऑफिसात नवीन लागलेल्या मुलींना मी नेहमी सांगते, यादीत नाव लिहिणं सोपं, खोडताना मात्र ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडाकडे बघून खोडा. मोठं शहाणपणाचं वाटतं त्यांना. कुठून आलं ते विचारत नाहीत.

त्या रविवारी सकाळी आम्ही तिघी स्टँडवर पोचलो तर फलाटाशी नंदा उभी. घरी जायला तिला वेगळी परवानगी लागत नव्हती. पण इचलकरंजीची एसटी हातकणंगल्यावरून जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यादीत मी गावं लिहिली होती. रस्ता धरलाच नव्हता.

एकाच गाडीत चढलो. समोरासमोरच्या बाकांवर चौघी. नंदा खिडकीशी, मांडीवर पिशवी, नेहमीचा निळा स्वेटर. गाडी शिरोलीच्या पुलावर आली, खाली पंचगंगेवर धुकं होतं. वैजयंतीला गप्प बसवत नाही. "नंदे, चल की हिच्याकडं. जेव आणि दुपारून जा घरी."

"नको. घरी वाट बघत्यात."

"अडचण हाय म्हणं तुमच्यात. काय झालं गं?"

नंदानं वैजयंतीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. गाडीचं इंजिन, पत्र्यांची थरथर, मागच्या बाकावरचं रडणारं पोर, हे सगळं एकदम लांब गेल्यासारखं झालं. तिनं नुसतं "कोण म्हणालं?" एवढं विचारलं असतं तरी माझं तोंड उघडं पडलं असतं.  मी काहीतरी तिकिटाचं बोलायला लागले.

कंडक्टर आला. "बोला पावणं, कुठं?"

"तीन हातकणंगले," वैजयंती म्हणाली.

"एक इचलकरंजी," नंदा म्हणाली. तिकीट घेऊन मुठीत धरलं आणि मग वैजयंतीला उत्तर दिलं. "हाय थोडी अडचण. मोठं काय न्हाय."

तिनं मला झाकलं होतं. आणि मला काय वाटलं? हायसं वाटलं.

हातकणंगल्याच्या स्टँडवर आम्ही उतरलो. शैलानं खिडकीखाली जाऊन नंदाचा हात हलवला, वैजयंती "सोमवारी लवकर ये गं" म्हणून ओरडली. मी पिशवी सावरत पुढं चालायला लागले. गाडी मागं घेताना कंडक्टरची शिट्टी झाली, डिझेलचा काळा धूर आला. वळून बघितलं नाही.

आईनं सोफ्याचं कव्हर काढून ठेवलं होतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. शेजारच्यांच्या काचेच्या बश्या मागून आणलेल्या. वैजयंती सोफ्यावर टेकली, हात फिरवला आणि मनापासून म्हणाली, "भारी हाय की गं कल्पे! आमच्या जीपच्या डायवरच्या खोलीत आबांनी असलाच घेतलाय."

आई हसली. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. वैजयंतीच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं, तिला तो सोफा खरंच आवडला होता. मी आणखी पुऱ्या आणायला आत गेले आणि ओट्याशी जरा वेळ उभी राहिले. बारा वाजून गेले असतील. ती वेळ नेमकी काय होती, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमवारी दुपारी नंदा होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी मुद्दाम वर गेले. चांगलं वारं होतं, तारेवरच्या चादरी फडफडत होत्या. "घरी काय म्हणतात?" मी विचारलं. असं काहीतरी विचारायला हवं म्हणून.

तिनं ओढणी झटकून तारेवर टाकली. आवाज अजिबात चढवला नाही.

"बाबांनी पाळी बदलून घेतलेली, घरी थांबायला. शैला शाकाहारी म्हणून आईनं तिच्यासाठी नवं पातेलं आणलेलं. आमच्या भांड्यात कोंबडी शिजती, तिला कसं चालंल म्हणाली. आणि बारा ते एक भिंतीपलीकडले माग बंद ठेवलेले."

"माग? का?"

"आईनं मालकाला जाऊन सांगितलेलं. पोरी कॉलेजच्या हाईत, जेवताना बोलत्यात, एकमेकींचं ऐकू आलं पायजे. मालक हसला, पण हो म्हणाला. तासभर आठ माग बंद. मी जन्मल्यापास्नं आमच्या घरात दिवसा असं सामसूम कधी झालं न्हाय." तिनं एक चिमटा लावला. "मी दारात आलो तर आई माझ्या मागं बघाय लागली, बाकीच्या कुठं म्हणून."

"तू कळवायचं होतंस ना, नंदे."

"कसं? फोन मालकाच्या कारखान्यात. चालू मागात घंटी कुणाला ऐकू येती?" मग म्हणाली, "आणि खरं सांगू? हातकणंगले येईस्तवर मला वाटत हुतं, तू म्हणशील, चला, पुढंच जाऊ."

मी वाऱ्यानं सरकलेली एक चादर तारेवर नीट करत राहिले.

"एक वाजता मालकाचा माणूस आला. झालं काय जेवान, म्हणाला. आई म्हणाली, झालं. लावा माग."

तिथं खरं म्हणजे पाय धरायला हवे होते. मी काय म्हणाले? "अगं, तुला अवघड वाटेल म्हणून मी..."

तिनं बादली उचलली. तोच रंगाचा डबा. "अवघड कुणाला वाटणार हुतं, कल्पना?"

त्याआधी तिनं मला कधी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. त्यानंतर कधी कल्पे म्हणाली नाही.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. परीक्षा आल्या, तिनं मला तिची जर्नलं दिली, मी ती उतरवून काढली. खोलीत चौघींचं हसणं चालू राहिलं, पण माझ्याशी ती नीट, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली. "खिडकी लावू का?" "तुझं पत्र आलं आहे." रांगेतल्या बादल्यांकडे मी बघायचं टाळत असे. निकाल लागला, ती पहिली आली, पत्र्याची ट्रंक घेऊन गेली. परीक्षेनंतर जाऊ म्हटलं होतं. ते कुणी काढलंही नाही.

पुढची वर्षं कशी जातात ते सगळ्यांना माहीत आहे. वैजयंतीचं लग्न मंडप घालून झालं, शैलाचं निपाणीला, माझं कोल्हापुरात. नंदानं कुणाला पत्रिका पाठवली की नाही कळलं नाही, मला आली नव्हती. इचलकरंजीला मी या वर्षांत अनेकदा गेले. साड्या घ्यायला, शाळेचे गणवेश ठरवायला, एका सहकारिणीच्या घरच्या बारशाला. गल्ल्यांतून जाताना भिंतींमागून तो खटाखट आवाज यायचा आणि मी रिक्षावाल्याला लवकर चल म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी शैलाला जयसिंगपूरच्या एका मंगल कार्यालयात नंदा भेटली. तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. वडील गेले. आई तिच्याजवळ असते, तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही. कानाशी जाऊन बोलावं लागतं. शैलानं नंबर आणला आणि मला दिला, कारण नंबर जपून ठेवायचे म्हणजे माझ्याकडे द्यायचे, असं आमच्यात ठरलेलंच आहे. मी तो जपून ठेवला.

तर शनिवार. गच्ची. चहा संपला होता, शेंगदाण्याची टरफलं वाऱ्यानं उडत होती. मी वहीत तीन घरं लिहिली. वैजयंती, शैला, मी.

"नंदाचं काय करायचं?" शैलानं विचारलं.

"राहू दे गं तिचं," वैजयंती म्हणाली. "तवाबी तिनंच टाळलं की. घर दाखवायची लाज वाटत असणार. आता परत कशाला तिला अवघड करायचं?"

माझा पेन कागदावर टेकलेला होता. शाईचा ठिपका मोठा होत गेला. समोर दोन रस्ते नव्हतेच. गप्प बसले असते तर तेच पुन्हा, त्याच हातानं, त्याच महिन्यात. आणि या वेळी नंदा मला झाकायला समोरही नव्हती.

"तिनं टाळलं नव्हतं," मी म्हणाले. "मी खोडलं होतं."

सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. फळा, अर्ज, सोफा, गाडी, माग. इतक्या वर्षांचं ओझं पाच मिनिटांत मावलं, याचाच मला धक्का बसला. शैलानं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पातेलं? माझ्यासाठी?"

"हो."

"आणि मी तुझ्याकडं श्रीखंड खात बसलो." तिनं कठड्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मंगल कार्यालयात मी तिला बोललो, कधी बोलावलं न्हाईस तू आमाला. नुसती हसली गं ती."

वैजयंती उभी राहिली. ती चिडली की आवाज चढतो, या वेळी उतरला. "सत्तावीस वर्षं मी त्या पोरीला मनात नावं ठेवली. मानी हाय, आतल्या गाठीची हाय. तुझ्यामुळं." मग बोट माझ्याकडे. "माझ्या आईनं दोन पीस दिले ते तुला दिसलं. परवापातूर ते सांगून हसतीयास. आणि तू केलंस ते?"

ते खरं होतं. दोन ड्रेसपीसची गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे. श्रीमंतांना कळत नाही, असा त्यावर शेवटही करत आले आहे.

"लाव फोन," वैजयंती म्हणाली. "आत्ता. इथं."

"घरी जाऊन लावते."

"न्हाय लावायचीस तू. वळखून हाय मी तुला. वहीत लिहिशील."

शैलानं मध्ये पडून सांभाळलं. असल्या गोष्टी तिघींनी स्पीकर लावून करायच्या नसतात, म्हणाली. तेही खरं. वैजयंतीनं माझ्या हातातली वही घेतली, तीन नावांचं ते पान फाडलं आणि वही परत दिली. जिना उतरताना माझ्याशी बोलली नाही. गेटशी मात्र आली आणि म्हणाली, "ती हो म्हणाली तर मला सांग. गाडी मी काढतो. न्हाय म्हणाली तरी सांग."

घरी येताना कावळा नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाहतूक अडवली होती. मी स्कूटर बंद करून उभी राहिले आणि वाक्यं जुळवत बसले. नंदा, तू माझ्याकडे जेवायला ये? म्हणजे पुन्हा यजमानीण मीच, बसायची जागा मीच दाखवणार. आम्ही तिघी तुझ्याकडे येतोय? म्हणजे पुन्हा तिचा रविवार मीच ठरवला. तेव्हाचं मनात ठेवू नकोस? ते कुठं ठेवायचं, हेही मीच सांगायचं? एकेक वाक्य तपासलं तर प्रत्येकात मी पुढं आणि ती मागं. बादल्यांच्या त्या रांगेत डबा मागं कोण सरकवायचं, हे मी कधी शोधून काढलं नाही. मला माहीत होतं, असंही असू शकेल. आता खात्रीनं आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच भीती वाटते.

एक प्रश्न उरतो. येऊ का? त्याचं उत्तर 'नको' असू शकतं. तिच्या आईला आता कानाशी जाऊन काय सांगायचं, कुठल्या पोरी, कुठला रविवार. आपण मागितलं की मिळतं, अशी सवय मला कधी लागली, कळलं नाही. बहुधा त्या सोफ्यापासूनच.

आज मंगळवार, भोगी. सकाळपासूनची कामं : तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या, मिसळीची भाजी, सासूबाईंचं औषध, तिळगूळ वळून डब्यात, दहावीच्या सराव परीक्षेची बैठकव्यवस्था. सगळ्यांपुढं खुणा झाल्या. काल दोनदा नंबर काढला, दोन्ही वेळा कॉलेजची वेळ असेल असं म्हणून ठेवून दिला. आत्ता सायंकाळचे सहा वाजलेत, ती घरी आली असेल.

तिच्याकडे माझा नंबर असायचं काही कारण नाही, तेव्हा आधी नाव सांगायचं. पूर्ण नाव. मग अर्ज मी बदलला होता आणि इतरांना खोटं सांगितलं होतं, हे तिला माहीत आहे तरी आपल्या तोंडानं सांगायचं. वैजयंतीला आणि शैलाला आता कळलंय, तेही. मग विचारायचं, आम्ही येऊ का. कुठला रविवार ते तिला बोलू द्यायचं. नको म्हणाली तर का, असं विचारायचं नाही.

एवढं सगळं क्रमानं लिहून झालं आहे. फोन अजून लावलेला नाही.